मागचा आवाज

माझं काम एवढंच : ऐकायचं आणि टंकायचं.
कार्नार्वनच्या कोर्टाला ध्वनिफिती कागदावर लागतात.
पानामागे पैसे, शांततेचे वेगळे नाहीत.
शांतता आली की कंसात लिहायचं : चार सेकंद.
रडणं आलं तर : अस्पष्ट.

ही फीत इदवालची. म्हणजे त्याच्या बायकोची,
कारण तो बोलतच नाही तीत, नुसता श्वास घेतो,
पाटीच्या खाणीत तीस वर्षं भुकटी बसलेला श्वास,
कुणी ओलं गोणपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा.

रात्रीचे नऊ वाजून सात. आयरवेन पत्ता सांगते,
दोनदा, कारण घराला नंबर नाही,
चॅपेल ओलांडलं की निळं दार.
पलीकडून नेरिस म्हणते, "गाडी निघाली आहे."
बाविशीची असेल. उबदार आवाज.

निघाली नव्हती.
तिन्ही गाड्या बँगरच्या इस्पितळाबाहेर ओळीनं उभ्या,
आत खाट नाही म्हणून रुग्ण पोटात घेऊन.

आरोग्यसेवेचा वकील म्हणाला (तेही मीच टंकलं) :
"कायदा कुणाला तारणहार व्हायला लावत नाही.
बुडणाऱ्याकडे बघत जो काठावरून सरळ चालत जातो
तो कोर्टात कुणाचं काही देणं लागत नाही.
ज्यानं उडी घेतली त्यानं एवढंच पाहावं
की बुडणारा होता त्याहून खोल जाऊ नये.
आम्हाला उशीर झाला. उशीर म्हणजे घाव नव्हे."

वाक्यं नेटकी होती. स्वल्पविराम ऐकू येत होते.
मी चहा केला, परत फीत लावली.
एका जागी काहीतरी खुपत होतं,
नऊ वाजून नऊ, आयरवेनच्या "बरं"नंतर.

आवाज पूर्ण वर.
एक घरघर. श्वासाची नव्हे, श्वास जवळ आहे.
ही दारातली, डिझेलची.
कुणी पुरुष : "मागे घालू का याला?"
ती : "नको टेगिड, ते निघालेत."
आणि मग
(अकरा वेळा ऐकलं मी)
किल्ली फिरते. घरघर थांबते.

टेगिडची मेंढ्या वाहायची व्हॅन.
तिला इस्पितळ एकोणीस मिनिटांवर.
रुग्णवाहिका अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला आली.

आधी मी तिथं लिहिलं होतं : किरकोळ गोंगाट.
ते खोडलं.
लिहिलं : इंजिन बंद झाल्याचा आवाज.

न्यायाधीशबाई चष्मा काढून म्हणाल्या, पुन्हा लावा.
भरल्या कोर्टानं एक व्हॅन बंद होताना ऐकली.
वकिलानं कागद उलटे करून ठेवले.
काठावरून चालत जाणारा वेगळा,
आणि "आलोच" असं ओरडून
दुसऱ्याची उडी थांबवणारा वेगळा,
हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मागच्या बाकावर नेरिस होती, रात्रपाळीहून थेट, गणवेशात.
दावा तिच्यावर नव्हता, संस्थेवर होता.
तिच्या टेबलावरच्या कार्डावर छापलेलंच होतं :
घाबरलेल्यांना सांगा, गाडी निघाली आहे.
तरी किल्ली फिरली तेव्हा कान तिनंच झाकले.
जाताना आयरवेन तिच्यापाशी थांबली, काही बोलली.
मी लांब होते.
अस्पष्ट.

टेगिडनं व्हॅन विकायला काढलीय म्हणे.
गिऱ्हाईक आलं की इंजिन तो चालू करून दाखवतो,
बंद त्यालाच करायला सांगतो.

परवा आईचा फोन : कुठवर आलीस?
मी जिन्यात होते, एक बूट पायात, एक हातात.
"निघाले" अगदी ओठांवर आलं होतं.
म्हटलं, "अजून घरातच आहे गं."
पलीकडे शांतता. किती, ते मोजलं नाही.
मग ती म्हणाली,
"बरं. किटली नंतर ठेवते."